लाखाला एक मिलिमीटर

सिनसिनाटीच्या उत्तरेला, सातवीच्या वर्गाबाहेर
जिमपासून लायब्ररीपर्यंत
मी पृथ्वीचं वय अंथरते आहे
टॉयलेट पेपरवर.
सेहेचाळीस मीटर. दोन रोल, मध्ये चिकटपट्टी.
सफाईवाले मिस्टर प्रुइट झाडू टेकवून उभे,
म्हणतात, हे सगळं गुंडाळणार कोण?

मुलांना सांगते मिलियन, बिलियन.
मनात मात्र हिशेब आपला :
लाखाला एक मिलिमीटर,
कोटीला एक मूठ.
भोरच्या शाळेत घोकलेलं एकं दहं शतं
इतक्या वर्षांनी कुठेतरी उपयोगी पडतंय.

पहिले दहा मीटर कोरेच.
त्यापुढे पंचवीस-तीस मीटर
जिवाणू आणि शेवाळ,
शेवाळ आणि जिवाणू.
ब्रायलन जांभई देतो : मिस, काही घडणार आहे का?
थांब, मी म्हणते.
किती?
मी नुसती जमिनीकडे बोट दाखवते.

साडेचार मीटर उरतात
तेव्हा आपण समुद्रात असतो.
हीच जागा, पण विषुववृत्ताच्या खाली,
उथळ, कोमट पाणी,
तळाशी शिंपले, प्रवाळ, देठावर डोलणारी समुद्रकमळं.
हावा बूट काढते.
खरंच काढते, मोजे आत कोंबते,
आणि तिथून पुढे अनवाणी चालते.

मग डायनोसॉर. आता सगळे गुडघ्यांवर,
स्टिकरांवरून भांडण,
कागद एका जागी फाटतो, कुणी कबूल होत नाही.
सहासष्ट सेंटिमीटरवर लाल रेघ.
मुलांसाठी तिथे आकाशातून दगड पडतो.
माझ्यासाठी त्याच रेघेवर
जमीन उकलते, लाव्हा वाहतो,
निवतो, पुन्हा वाहतो, थरावर थर,
आणि त्यातून पुढे कधीतरी
भोरची टेकडी, विहिरीचा काठ,
आईचा टाकी लावलेला पाटा.
काळा, घट्ट दगड.
त्यात कधी शिंपला सापडला नाही.
आमच्या दगडाला कुणाची आठवण नाही,
असं मी मुलांना एकदा म्हणाले होते.
ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं,
परीक्षेत लिहिलं,
मला मार्क द्यावे लागले.

शेवटचे तीन मिलिमीटर : माणूस.
पेन्सिलीला टोक काढूनही नीट मावत नाही.
जेसप हात वर करतो.
आमच्या चर्चमध्ये सांगतात, सगळं मिळून सहा हजार वर्षं.
कुणीतरी फिसकन हसतं.
मी हिशेब करते : एका मिलिमीटरचा सतरावा भाग.
कागदाची जाडीही त्याहून जास्त असेल.
केला, पण सांगितला नाही.
म्हटलं, ओढ्यावर जाऊन बघ, पाणी ओसरलंय.
घंटा झाली. मिस्टर प्रुइटनी मोठी पिशवी आणली.

सोमवारी जेसपने डबा उघडला.
सँडविचच्या शेजारी, टिश्यूत,
सुपारीएवढा एक शिंपला, रेघारेघांचा,
दोन्ही झाकणं शाबूत.
मी तयार होते. पंचेचाळीस कोटी,
जिभेवर होतं : चारशे पन्नास मिलियन.
त्याने विचारलंच नाही.
तो म्हणाला, हा मिटलेला का आहे?

मेल्यावर सहसा उघडतो, मी म्हटलं.
झाकणं वेगळी होतात, लाटा नेतात.
हा मिटलेला आहे
म्हणजे गाळ एकदम आला असणार.
एका दुपारी, कदाचित वादळात.

त्याने तो अंगठ्याने चाचपला.
म्हणजे त्याला कळलं होतं?
म्हणजे त्याने दार लावून घेतलं?

फळ्यावर माझा तक्ता होता.
काळ, थर, सजीव, पुरावा.
त्यात हे कुठे लिहायचं, ते मला दिसेना.
माहीत नाही, मी म्हणाले.

तो मान हलवून जागेवर गेला,
सँडविच खाल्लं,
शिंपला परत टिश्यूत गुंडाळला,
ह्या वेळी जरा सैल.