मान

अग्निशमन केंद्रामागं, वजनकाट्यापुढं
सात-सात वर्षांच्या पोरांची रांग.
एमरिक दोन केळी जास्तीची खाऊन आलाय.
काटा थरथरतो. कोच हॉलिस म्हणतो, "बसला."

मग हेल्मेट.
आणि मान डुगडुगते त्याची,
तिसऱ्या महिन्यात, धरायच्या आधी
डुगडुगायची तशीच.
तेव्हा मागं माझा तळहात असायचा.
टाळू कधी भरली
तेही तारखेसकट सांगेन मी.

"टक्कर आत्ताच शिकू दे," वेंडल म्हणतो.
कॉलेजात तो सगळ्यांना आडवं करायचा.
हल्ली दुकानाबाहेर
आपली गाडी कुठली, हे मला विचारतो,
हसत.

परवानगीच्या कागदावर माझ्या सहीची जागा
कोरी.
सगळे थांबलेत.
शाई गोठली असेल, मी म्हणते.

ओहायोत ऑगस्ट आहे.