उणे

फाईल उघडली. एकच ओळ,
उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर गेलेली,
आणि तिच्यात एकशे सेहेचाळीस फ्लॅग.
प्रत्येकाच्या कपाळी एक आडवी रेघ:
उणे जी, उणे ओ-दोन, उणे एल-एम,
आणि सगळ्यांचं उणंदुणं काढायला
उणे डब्ल्यू-ऑल.

एव्हारिस्त फुर्तादोंनी बावीस वर्षं वाढवली ही ओळ
भरती-ओहोटी मोजणाऱ्या आमच्या पेट्यांसाठी.
निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर
काजूची पुडी ठेवून म्हणाले,
"सांभाळ गो बाय. गचाळ दिसते, पण चलता."

मला गचाळ खपत नाही.
शुक्रवारी दुपारी, रायबंदरच्या ऑफिसात,
एसी बंद, खिडकीतून मांडवीचा चिखलट वास,
मी शेल उघडलं.
जिथे मोकळी जागा तिथे ओळ मोड, एवढंच सांगितलं.
त्याने मोडली. पण अवतरणांच्या कुशीत
एका बंदराचं नाव झोपलं होतं, तेही मोडलं:
मुरगाव एका ओळीत,
बंदर दुसऱ्या.
ते सावरलं, सेडने दोन टाके घातले.
मग सॉर्ट. मग जुळी-तिळी पुसणारं युनिक.
एकशे सेहेचाळीसचे एक्क्याऐंशी,
हजेरीपटावरच्या पोरांसारखे वर्णक्रमाने उभे.
मी कॅन्टीनमध्ये जाऊन पातळभाजी मागवली,
आणि दोन पाव.

परत आले तर लिंकर
चाळीस नावं घेऊन बसलेला:
हा कोण? ही कुणाची?
साईनला ओळखत नाही. कोसाईनला ओळखत नाही.
आणि जे कसंबसं जुळलं ते भलतंच बोलायला लागलं.
ओ-शून्य शेवटी होता, मुद्दाम ठेवलेला;
माझ्या क्रमाने तो वर चढला,
ओ-तीन खाली जाऊन बसला,
आणि इथे शेवटी बोलतो त्याचंच खरं धरतात.
चाचणीच्या पेटीने भर ओहोटीला
सव्वादोन मीटर भरती सांगितली.

सातची फेरीबोट. धक्क्यावर गुणाजी
शिट्टी न वाजवता, नुसत्या हाताने गाड्या घेत होता:
आधी पिकअप, मग त्या दोन मोटारी,
मासळीवालीची स्कूटर इतका वेळ थांबवून ठेवलेली, ती आता,
माणसं उरलेल्या फटींत.
कुणाचं नाव त्याने विचारलं नाही.
चोडणच्या अर्ध्या वाटेवर मी फोन लावला:
"एल-एम दोनदा का घातलाय?"
पलीकडे कुत्रं भुंकलं, खुर्ची सरकली.
"रात्री दारावर कोणी एकदाच हाक मारली
तर तू ओ देतेस?"
"नाही."
"मग?"

म्हणजे पहिल्या हाकेला कुणालाच त्याची गरज नव्हती.
लिंकरने ऐकलं, आणि पुढे गेला.
गरज मागून आली.
हे कळायला मला अख्खी नदी लागली.

सोमवारी नवी स्क्रिप्ट लिहिली, लहानशी.
ती क्रम लावत नाही, वाचते.
प्रत्येकापुढे त्याचा आकडा मांडते,
कोण कुणाच्या मागे का उभा आहे ते
मला ठाऊक असेल तिथे शेजारी लिहिते,
दोनदा हाक मारणाऱ्याला दोनदा मारू देते.
सॉर्ट कुठेच नाही तिच्यात.

अठ्ठ्याऐंशीव्या जागी: उणे डी लुईझा.
सगळ्या फोल्डरांतून ग्रेप फिरवला, जुन्या बॅकअपमधूनही.
कुठलीच फाईल तिला विचारत नाही,
कुठलंच इफ-डेफ तिच्यासाठी दार किलकिलं ठेवत नाही.
काढून पाहिली. पेटी तेच आकडे देते,
पाव मिलिमीटरचाही फरक नाही.

परत ठेवली, होती तिथेच.
शेजारची जागा कोरी आहे.
बाकी सगळ्यांबद्दल मी त्यांना विचारलं होतं;
हिच्याबद्दल फोन केला नाही.