बाही

मी माशेलचा शिंपी. सिनेमाचे कपडे शिवले,
त्याचे पैसे अजून यायचेत, ते असो.

दिवाडीवर शूटिंग. साल त्रेपन्न दाखवायचं,
म्हणून विजेच्या खांबांना माडाची चुडतं बांधली,
आणि पाद्रीने इगर्जीचं फक्त बाजूचं दार उघडून दिलं.
गोष्टीतही तेवढंच उघडतं.

गोष्ट अशी: मोझांबिकहून आणलेला एक शिपाई,
गावची पुल्केरिया,
आणि लग्न.
रोसाच्या दिवशी नारळाचा रस वाटीत तसाच राहतो,
लावायला कोणी येत नाही,
संध्याकाळी त्याला आंबूस वास सुटतो.
मी तिचा सादो शिवला, लाल,
आणि त्याचा गणवेश, बाह्या दोनदा उसवून,
कारण शिपायाचं काम करणारा आर्मांदो,
ताळगावच्या विद्यापीठात शिकणारा पोरगा,
हात लांब, आणि मापाला उभा राहिला की
श्वास रोखून धरायचा.
घे रे श्वास, म्हटलं. त्याला कळलं नाही.

गर्दीत गावचेच लोक. आठशे रुपये आणि जेवण.
रुझारमाम ऐंशीला टेकलेले,
हातात प्रॉडक्शनची काठी,
त्यांची स्वतःची ॲल्युमिनियमची, ती त्रेपन्नात चालेना.
दिग्दर्शिका म्हणाली, नवराबायको बाहेर आली
की सगळ्यांनी तोंड फिरवायचं,
आणि बाबा, तुम्ही हा शब्द ओरडायचा.
कागदावर लिहून दिला.
रुझारमामांनी वाचला नाही. घडी करून खिशात घातला.

ॲक्शन.
शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला
जशी जुनी किल्ली तिच्याच कुलपात फिरते,
तेल न घालता.
मी तो इथे लिहीत नाही.
आर्मांदोची मान झटकन वळली. ते पटकथेत नव्हतं.

छान, दिग्दर्शिका म्हणाली, अजून एकदा घेऊ.

रुझारमाम म्हणाले, तोंड कोणी फिरवलं नव्हतं.
कुठे?
तेव्हा. आम्ही बघत होतो. हसत होतो.
आवयने मला उचलून धरलेलं, नीट दिसावं म्हणून.
शब्द तिनेच माझ्या तोंडात घातला,
पेज भरवतात तसा, फुंकर मारून.
तिने वर बघितलं माझ्याकडे.
पुल्केरिया नव्हतं तिचं नाव.
मला शिट्टी वाजवायला तिने शिकवलेलं.

कोणीतरी दिग्दर्शिकेवर छत्री धरली.
ऊन कलत होतं, आणि सिनेमात
ऊन फार महाग असतं.

दुसऱ्या टेकला त्यांचा आवाज फुटेना. तिसऱ्यालाही.
मग रायबंदरचा एक जण उभा केला.
तो ओरडला झकास,
त्याला सहाची फेरी गाठायची होती.

सहाच्या फेरीवर आम्ही सगळेच.
स्कूटरी, पावांचं रिकामं टोपलं, लायटी.
आर्मांदो कठड्याशी, स्वतःच्या टी-शर्टात,
फेरी खच्चून भरलेली
आणि त्याच्या भोवती हातभर जागा.
मीही लांबच होतो. माझ्याकडे कपड्यांची ट्रंक होती,
हे कारण धरा.

रुझारमामांचं घर दिवाडीवर. तरी ते चढले.
काठी टेकत त्या जागेत गेले
आणि पोर्तुगीज बोलायला लागले,
लहानपणच्या शाळेतलं, गंजलेलं.
महिनाभरात पहिल्यांदा त्या पोराला
कोणी त्याच्या भाषेत काही विचारत होतं.
काय, ते मला कळलं नाही.
इंजिनाची घरघर. खारफुटी मागे सरकलेली.
एकच शब्द कानावर आला, दोनदा: मांगा.

मांगा म्हणजे आंबा.
आणि माझा आजा, ज्याने पाखल्यांचे कोट शिवले,
बाहीला मांग म्हणायचा.

आर्मांदोने हात पुढे केला होता,
दुसऱ्या हाताने त्यावर काही दाखवत होता.
त्याच्या गावचा आंबा केवढा,
की बाही कुठे काचते,
माझ्या जागेवरून सांगता येत नव्हतं.