सातव्या टाकीचं तबक

उम्म अल कुवेनच्या खाडीकाठी, पत्र्याच्या शेडमागे
काचेच्या नळ्यांतून शेवाळ फिरतं.
एकेक जीव डोळ्याला दिसत नाही,
मिळून मात्र पाण्याला पोपटी चढवतात.
बाहेर अठ्ठेचाळीस. आत त्यांना गारवा,
रात्रभर दिवे, हवेचे फुगे,
दर दोन तासांनी ताप बघायचा
तान्ह्या बाळासारखा.

आमच्या विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ
आई काथ्याने खरवडायची, वर चुना टाकायची.
तरी एकदा घसरलीच. मनगट मोडलं.
मला पगार कशाचा मिळतो
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना सांगितलंय, कोळंबीच्या खाण्याचं काम.
"म्हंजे कूटच मां?" म्हणाले,
आणि फोनवर नुसता वारा.
रापणीची तारली फावड्याने ट्रकात भरायचे.
तेव्हापासून तिला मासा म्हणायचं नाही,
माल म्हणायचं.

इथेही तोच माल. पन्नास किलोची गोणी,
तपकिरी भुगा.
हात घातला की नखांत घर येतं.

खुलूद मॅडमनी ठरवलं : सातव्या टाकीत
निम्मं कूट, निम्मं शेवाळ.
शाजीने यंत्रातून हिरव्या शेवया पाडल्या, मोडल्या, वाळवल्या.
पहिल्या रात्री तबक वर ओढलं
तर दाणे जसेच्या तसे.
कोळंब्या कडेकडेने मिशा हलवत,
पंगतीत रुसलेल्या व्याह्यांसारख्या.
दुसऱ्या रात्रीही तेच.
"वास नाही, मग भूक कशी लागेल?" शाजी म्हणाला
आणि दाण्यांना चमचाभर माकुलाचं तेल चोळलं,
कुणाला न विचारता.
वहीत मी ते लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या रात्री, अडीच वाजता,
तबक रिकामं. घासून ठेवल्यासारखं.

तिकडे चार. होडी विकली तरी बाबा चारलाच उठतात.
"जेवलंस?"
"खाल्लं," मी म्हणालो, "सगळं खाल्लं."
ते काय समजले कोण जाणे.
"आज तारली गावली हा," म्हणाले,
"पण गाडी आधीच येवन ऱ्हवली हा."

फोन ठेवून हात धुतले.
नखांत आज हिरवं.
त्याला कसलाच वास नाही,
अजून.