पान एकशे अठरा

वर्षातून दोनदा आमची बोट बेटांवर जाते,
एकदा वसंतात, एकदा ऑक्टोबरात.
सहा हजार पुस्तकं, एक कप्तान, एक स्वयंपाकी
आणि मी, शिक्के मारणारी.
समुद्र खवळला की कादंबऱ्या अंगावर येतात,
म्हणून फळ्यांना आडव्या दोऱ्या बांधल्यात.

हेस्तोया बेटावर त्या वर्षी एकच मूल उरलं होतं.
आउडहिल्ड, वय साडेसात, पुढचे दोन दात गैरहजर.
शाळा बंद झाली आणि त्याच उन्हाळ्यात
आयविन्दचं घर सायकलसकट बोटीत भरून गेलं.
ओल्या लोकरीचा वास घेऊन ती आत आली.
"भुताचं आहे का एखादं?
घाबरवणारं नको. सोबतीचं."

होतं.
दीपगृहाच्या जिन्यात राहणारा मुलगा,
ज्याला पायऱ्या मोजता येतात त्या फक्त चढताना,
आणि एक मुलगी, जी त्याला
उतरतानाचे आकडे शिकवते.
चित्रं सगळी काळ्या शाईची.
जिना काळा, समुद्र त्याहून काळा,
मुलीच्या वेणीतला केस न् केस काढलेला,
आणि भूत म्हणजे
चित्रकर्तीनं कुंचला टेकवलाच नाही तेवढी जागा.
कोरा कागद, मुलाच्या मापाचा.

वसंतात पुस्तक परत आलं.
पान नऊवर भुताच्या पायात लाल मोजे.
पान चोवीसवर पिवळा रेनकोट, मेणाच्या खडूचा,
इतका दाबून रंगवलेला की पाठपोट उमटलेला.
नियमानं दंड पडतो, दीडशे क्रोनर.
मी चष्मा नाकावर ओढून विचारलं, हे काय?
"थंडी वाजत होती त्याला," ती म्हणाली,
"आणि तुम्ही सगळ्यांनी नुसतं वाचलंत."

आता यावर कुठला शिक्का मारायचा?

पुस्तक मी तसंच पुढच्या बेटावर दिलं.
तिथे कॉड वाळवणाऱ्यांच्या स्तायनारनं
भुताला हातमोजे चढवले,
दोन्ही अंगठे एकाच बाजूला.
त्यापुढच्या बेटावर ग्यूरो आणि बोर्गहिल्ड, जुळ्या,
त्यांनी खिशात तपकिरी चीजचा तुकडा ठेवला
आणि तो कोणी ठेवला यावरून भांडल्या.
आणखी कुणी तरी, नाव नाही, नुसती पेन्सिल,
त्याला सावली दिली.
ती पडते उलटी, दिव्याच्याच दिशेनं.
असू दे. पहिलीच सावली आहे त्याची.

मुख्य कार्यालयाला मी कळवलं:
एक प्रत, किरकोळ झीज.

तीन वर्षं फिरून पुस्तक हेस्तोयाला आलं.
आउडहिल्ड उंच झालेली,
नवे दात तोंडाला जरा मोठेच.
तिनं उभ्या उभ्या पानं चाळली.
"एवढे जण भेटले त्याला?"
चेहऱ्यावर काहीसं आलं आणि गेलं,
आपल्या मित्राला दुसऱ्याच्या वाढदिवसाला
हसताना पाहिल्यावर येतं तसं.
मग तिनं हातमोज्यांचे अंगठे मोजले
आणि खुदकन हसली.

ती गेल्यावर लक्षात आलं,
पुस्तक तिनं नेलंच नव्हतं.
टेबलावर उपडं होतं, पोट जरा फुगलेलं.
शेवटच्या प्रकरणात तो मुलगा जातो, मला माहीत आहे.
उतरतानाचा शेवटचा आकडा त्याला येतो
आणि मुलगी दाराशी एकटी उभी राहते.
पण पान एकशे अठरा आणि एकशे एकोणीस
एकमेकांना चिकटवलेली होती, कणकेच्या खळीनं,
कडेपासून कडेपर्यंत, नीट.
खळ जुनी होती. वाळून पिवळी पडलेली.
म्हणजे सहा बेटांवरची पोरं
इथवर येऊन थांबली होती,
आणि एकानंही सुरी लावली नव्हती.

अशी पानं सोडवायची युक्ती मला येते.
किटलीच्या वाफेवर धरायची, घाई करायची नाही.

स्वयंपाकी खाली झोपला होता. बोट हलत होती.
मी किटली ठेवली. वाफ आली, भरपूर आली.
मी कॉफी केली.