सतरा पूर्णांक तीन

वादी कबीरच्या मागच्या गल्लीत
डोंगर दिवसभर ऊन पितो
आणि रात्री दहापर्यंत आमच्या अंगावर सोडत राहतो.
हमूद खोकं घेऊन आलाय.
खोक्यावर बाराशे वॅट, सोनेरी, मागे वीज कडाडतेय.
मी चष्मा कपाळावर सारतो, खोकं उलटं करतो.
खरं असतं ते तळाशी, मुंगीच्या अक्षरात :
आरएमएस पंचाहत्तर. चार ओहम.

बाराशे हा वरातीतला आकडा, हमूद.
पंचाहत्तर रोजच्या ताटातला.
माझ्या मोडक्या अरबीत एवढंच जमतं :
हा कुल्लु यौम. तो एकच दिवस.

त्याला वाटतं, छोटा अँप लावला की स्पीकरला भीती नाही.
सगळ्यांनाच वाटतं.
एकवीस वर्षं मी इथे जळके स्पीकर उघडतोय.
खाऊन खाऊन मेलेले थोडेच,
बाकीचे अर्धपोटी ओरडायला लावलेले.
तीस वॅटचा अँप, नॉब शेवटच्या टोकाला,
लाट चढत चढत जाते
आणि छताला डोकं आपटून सपाट होते.
मग नुसती धग.
कॉइल करपते, वास सुटतो,
लाखेची बांगडी दिव्यावर धरावी तसा.

म्हणून हिशेब.
पंचाहत्तर गुणिले चार, तीनशे.
वर्गमूळ काढता आलं नाही म्हणून
घोरपडे मास्तरांनी मला व्हरांड्यात उभं केलं होतं;
हे एक मात्र आता झोपेतही सांगेन.
स्पीकरच्या तारा सोडवतो,
टेस्ट टोन, डेकचा आवाज पाऊण,
मीटरची टोकं टर्मिनलवर
आणि पेचकसाने गेन,
केसभर.
अजून केसभर.
चौदा. सोळा. सतरा दोन.
बास. पुढचा एक दशांश देवाचा.

तारा परत जोडल्या की माझं काम संपतं.
मुदस्सर आत बसतो. खेडचा. एकोणीस वर्षांचा.
काचा वर, एसी बंद, डोळे मिटून, घामाने निथळत.
गाणं नसताना ट्वीटर सळसळला
तर बोट वर करायचं, एवढंच त्याला सांगितलंय.
का, ते सांगितलं नाही.
त्याला ठाऊक असावं.
मागच्या रमजानात एक अँप शिट्टी घालू लागला,
सगळं दुकान कानांवर हात धरून उभं,
मी आपला खाली मान घालून डाग देत होतो.

रात्री फोनवर शालन म्हणते,
अहो ओरडू नका, शेजारी जागे होतील.
मी तर हळूच बोलत असतो.
ती साखर म्हणते, मला आखर ऐकू येतं.
सासूबाईंच्या आसूबाई झाल्या.
गळालेली अक्षरं मी अंदाजाने भरतो;
तेहतीस वर्षांचा संसार, अंदाज फारसा चुकत नाही.
परवा मात्र ती काहीतरी दोनदा म्हणाली
आणि मी दोन्ही वेळा हो म्हणालो,
तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आलं नाही.
किंवा आलं असेल.

काचेतून बोट वर होतं.
मी पेचकस अर्धा केस मागे घेतो.
बोट तसंच.
अजून अर्धा.
हमूद पाकीट काढून उभा आहे, विचारतो, खलास?
मी मुदस्सरकडे बघतो.