भिंतीची माझ्याकडची बाजू

आन्सेल्मनं परसात भिंत घ्यायची ठरवली
तेव्हा मी कुंपणावरून विचारलं, कशाला?
छप्पर टेकायचं नाही तिच्यावर,
गुरं नाहीत, आणि या शेटिकँपात
चोराचंही पोट भरायचं नाही.
तो म्हणाला, शोभेला.
डॉक्टरला दुखरी जागा दाखवावी
तसा, अगदी हळू.

झेलीला ओट्यापासून तेलाची टाकी दिसते.
एकतीस वर्षं दिसते आहे.
हे मला फार नंतर कळलं.

मे महिना खड्ड्यांत गेला.
चार फूट खाली, कारण इथली थंडी
जमिनीत हात घालून खांब उचकटते
दाढेसारखे.
मग लाकूड. मासळीच्या बंद कारखान्याची दारं,
लब्लांच्या कोठाराच्या राखाडी फळ्या,
शेवंडांचे सापळे मोडून काढलेल्या पट्ट्या,
मीठ अजून आत; रंधा मारला की
सगळ्या गल्लीला बंदराचा वास.

पंचेचाळीस अंशांत कापून
माशाच्या काट्यासारख्या जोडत गेला.
दोन फळ्यांमध्ये दोन डॉलरचं नाणं धरायचं,
स्क्रू पिळायचा, नाणं काढायचं, पुढे.
एका नाण्यात भिंत झाली, असं सांगत सुटला.
तेलाचे, खांबांचे, पट्टीच्या दातांचे पैसे
झेलीनं वहीत मांडले होते; ती गप्प बसली.

पुढची बाजू त्यांची.
माझ्या वाट्याला आडवे वासे,
स्क्रूंची टोकं, तिरके टेकू.
पाठ.
पंगतीला बोलावून यजमानानंच
पाठमोरं बसावं, तशी.
जुलै, ऑगस्ट मी चादरी वाळत घातल्या
आणि त्याच्या 'बोंजूर'ला
चिमटा तोंडात धरून उत्तर दिलं.

नोव्हेंबरात सुएत आला.
हा वारा डोंगरावरून उतरतो, समुद्राकडे पळतो,
वाटेत जे सैल असेल ते घेतो.
आर्सनोंची शेड गेली. चर्चचा फलक गेला.
मी अंधारात पडून वाट बघत होते,
खोटं कशाला बोलू, त्या भिंतीच्या पडण्याची.
पण नाण्याएवढ्या फटींतून वारा निघून जात होता,
शंभर फटी, शंभर ओठ,
रात्रभर कुणीतरी शीळ घालत
सूर शोधत असल्यासारखं.

सकाळी माझी एक उशी तिथं
टेकूत अडकलेली. काढायला वाकले
आणि वाचलं.
पेन्सिलीनं, सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
*वर. ही नाही, ती.*
*साडेबावीस.* खोडून *बावीस.*
*झेलीला विचार.*
*विचारलं. नाही म्हणते.*
*तिसरी पुन्हा काप, गाढवा.*
अख्खा उन्हाळा तिथं उलटा लिहिलेला,
गुडघ्याच्या उंचीला बेरीज, हातच्याला विसरून चुकलेली.
भिंतीला कान असतात म्हणतात.
हिला तोंड होतं, माझ्याकडे.

आणि उजवीकडे, खांबाला लागून,
एका फळीवर पांढरा रंग.
तिरकी कापलेली चार अक्षरं,
नावाचा शेवट.
ते नाव रंगवताना ब्रश मी धरला होता,
बोटीवर दादा चढायचा त्याच्या आदल्या वसंतात.
ती बोट पुढे दोनदा विकली गेली,
मग ओढ्याकाठी उलटी पडून होती, एवढं ऐकलं होतं.
फळी फिरवून लावता आली असती.
अक्षरं आत, साधा तळ बाहेर,
नाहीतर झेलीच्या बाजूला, शोभेला.
कुठल्या बाजूला कोणतं लाकूड
हे त्यानं नाण्यानंच ठरवलं असेल.
मी विचारलं नाही.

मेमध्ये डबा आणि चिंधी घेऊन तो
माझ्या अंगणात आला, पहिल्यांदा, विचारून.
इकडूनही तेल लावतो म्हणाला, नाहीतर काळी पडेल.
लाव, म्हटलं. तेवढी एक फळी सोड.
त्यानं सोडली. चिकटपट्टी लावून सोडली.
तरी वरून एक ओघळ आलाच,
दुसऱ्या अक्षरावरून, अजून ओला दिसतो.